वयस्क कुत्र्यांमधील धाप व खोकला : हृदय, फुफ्फुसे आणि कीटकांचा संबंध

प्रस्तावना

बंगळूर शहराच्या पूर्वेस, जुन्या मद्रास रस्त्यावर वसलेले के. आर. पुरम, अर्थात कृष्णराजपुरम, हे एके काळी तलाव, नाचणीची शेते आणि भाजीपाल्याचे मळे यांच्या सान्निध्यातील गाव होते. आज ते महानगराचा भाग झाले आहे. रेल्वे, मेट्रो, अखंड वाहतूक व बांधकामाची धूळ यांच्या शेजारीच तलाव, सांडपाण्याचे नाले आणि गाई-म्हशींचे गोठेही तेथे टिकून आहेत. शहर व शेती यांच्या अशा सीमेवर पाळीव कुत्र्यांची संख्या मोठी असते. काही कुत्री घरात राहतात, काही गोठ्याची व मळ्याची राखण करतात. पुणे, नाशिक, कोल्हापूर किंवा बेळगाव या शहरांच्या कडेला असलेल्या गावांची स्थिती याहून फारशी वेगळी नाही. म्हणून के. आर. पुरमसारख्या परिसराच्या संदर्भात केलेला विचार महाराष्ट्रातील विस्तार कार्यकर्त्यांना व प्रगतिशील शेतकऱ्यांनाही उपयोगी ठरावा.

राखणीचे कुत्रे आठ-दहा वर्षांचे झाले, की ते पूर्वीसारखे धावत नाही, रात्री खोकते, थोड्या श्रमाने धापा टाकते. ‘आता वय झाले’ असे म्हणून ही लक्षणे बहुधा सोडून दिली जातात. वस्तुतः वार्धक्य हा रोग नव्हे. खोकला व धाप यांमागे निश्चित कारण असते आणि त्यांपैकी अनेक कारणांवर उपचार उपलब्ध आहेत. याच्या उलट दुसरी चूकही होते. रोगनिदान न करता गोठ्यातील जनावरांचे औषध कुत्र्यास टोचले जाते व त्यातून रोगापेक्षा मोठा अपाय होतो. या दोन्ही चुका टाळण्यासाठी हृदय, श्वसनमार्ग, डास, गोचीड आणि कीटकनाशके यांचा परस्परसंबंध समजून घेणे आवश्यक आहे.

हृदयात नेमके काय बिघडते?

कुत्र्याचे हृदय मानवी हृदयाप्रमाणेच चार कप्प्यांचे असते. डाव्या बाजूचे वरचे अलिंद व खालचे निलय यांच्यामध्ये मायट्रल झडप असते. ही झडप रक्त एकाच दिशेने जाऊ देते. वाढत्या वयात तिच्या पडद्या जाड व गाठाळ होतात, त्या पूर्ण मिटत नाहीत आणि प्रत्येक ठोक्यासरशी थोडे रक्त मागे, अलिंदात जाते. पशुवैद्यकास स्टेथोस्कोपमधून ऐकू येणारी ‘मर्मर’ ती हीच. कुत्र्यांमधील हृदयविकारांत हा विकार सर्वांत अधिक आढळतो. पॉमेरेनियन, स्पिट्झ, डॅशहंड यांसारख्या लहान चणीच्या कुत्र्यांत त्याचे प्रमाण विशेष असते.

मागे येणाऱ्या रक्तामुळे डावे अलिंद हळूहळू मोठे होते. पुढे फुफ्फुसांतील रक्तवाहिन्यांमध्ये दाब वाढून द्रव वायुकोशांत झिरपू लागतो. यालाच फुफ्फुसात पाणी होणे म्हणतात. या अवस्थेत कुत्रे झोपेतही जलद श्वास घेते. उजव्या बाजूचे हृदय निकामी होऊ लागले, तर पोटात पाणी साचते व पोट ढोलासारखे दिसू लागते.

डॉबरमन, ग्रेट डेन यांसारख्या मोठ्या जातींत वेगळा विकार आढळतो. त्यात झडपेऐवजी हृदयाचे स्नायू दुर्बल होतात व हृदय फुगते. अशा कुत्र्यास खोकला नसतानाही अचानक भोवळ येऊ शकते आणि ठोके अनियमित होतात. मोठ्या जातीची कुत्री लवकर वृद्ध होतात, हेही लक्षात ठेवावे. ग्रेट डेन सहा-सात वर्षांचा असतानाच वयस्क मानला जातो, तर लहान जातीचे कुत्रे दहाव्या वर्षीही चपळ असू शकते.

मायट्रल झडपेच्या विकाराची प्रगती पशुवैद्यकीय मार्गदर्शक सूत्रांनुसार चार टप्प्यांत पाहिली जाते. ‘ए’ टप्प्यात केवळ जातीमुळे धोका असतो, विकार नसतो. ‘बी’ टप्प्यात मर्मर असते, परंतु बाह्य लक्षणे नसतात. ‘सी’ टप्प्यात हृदय निकामी होण्याची लक्षणे दिसतात. ‘डी’ टप्प्यात नेहमीच्या औषधांना प्रतिसाद मिळत नाही. ‘बी’ टप्प्यातच हृदय मोठे झाले असल्यास पिमोबेंडन हे औषध सुरू केल्याने लाभ होतो. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ३६० कुत्र्यांवरील आंतरराष्ट्रीय चाचणीत हे औषध घेणाऱ्या कुत्र्यांमध्ये हृदय निकामी होण्याची अवस्था सरासरी सुमारे १५ महिने पुढे ढकलली गेली. कुत्र्याच्या आयुष्याच्या मानाने हा काळ मोठा आहे. धाप लागेपर्यंत वाट पाहणाऱ्या मालकास मात्र हा लाभ मिळत नाही. म्हणून सात वर्षांवरील प्रत्येक कुत्र्याची हृदयतपासणी वर्षातून किमान एकदा, लसीकरणाच्या वेळी करून घेणे योग्य ठरते.

प्रत्येक खोकला हृदयाचा नसतो

वयस्क कुत्र्यातील खोकल्याची इतर कारणेही तितकीच महत्त्वाची आहेत. त्यांची ढोबळ ओळख पुढीलप्रमाणे करता येते.

१. श्वासनलिका दबणे : लहान जातींत श्वासनलिकेच्या कूर्चा मऊ पडून नलिका चपटी होते. खोकला कोरडा, बदकाच्या आवाजासारखा असतो. उत्तेजित झाल्यावर किंवा गळ्याच्या पट्ट्याने ओढल्यावर तो वाढतो.

२. जुनाट श्वसनीदाह : दोन महिन्यांहून अधिक काळ रोज खोकला येतो, परंतु कुत्रे अन्यथा खाते-पिते व उत्साही असते. धूळ, चुलीचा धूर, उदबत्ती आणि डासांच्या अगरबत्तीचा धूर यांनी त्रास वाढतो.

३. स्वरयंत्राचा पक्षाघात : वयस्क लॅब्राडॉरमध्ये विशेष आढळतो. भुंकण्याचा आवाज बदलतो व श्वास आत घेताना घरघर ऐकू येते. उन्हाळ्यात अशा कुत्र्याचा जीव अचानक धोक्यात येऊ शकतो.

४. फुफ्फुसातील गाठी व न्यूमोनिया : वजन घटणे, ताप, भूक मंदावणे ही जोडलक्षणे असतात.

५. रक्तक्षय : यात खोकला नसतो, पण धाप असते. हिरड्या पांढुरक्या दिसतात. याचे एक प्रमुख कारण गोचीड हे आहे. त्याचा विचार पुढे केला आहे.

झोपेतील श्वासांची मोजणी

कोणतेही उपकरण न वापरता शेतकऱ्यास करता येण्याजोगी सर्वांत उपयुक्त तपासणी म्हणजे झोपेतील श्वासांची मोजणी होय. कुत्रे गाढ व शांत झोपलेले असताना छातीचे वर येणे व खाली जाणे मिळून एक श्वास धरावा. ३० सेकंदांत किती श्वास झाले ते मोजून त्या संख्येस २ ने गुणावे. कुत्रे धापा टाकत असताना, उन्हातून आल्यावर लगेच किंवा स्वप्नात पाय हलवीत असताना मोजणी करू नये.

निरोगी कुत्र्याचे झोपेतील श्वास मिनिटाला ३० पेक्षा कमी असतात. प्रथम पाच-सात दिवस रोज मोजून त्या कुत्र्याची नेहमीची संख्या वहीत लिहून ठेवावी. पुढे आठवड्यातून एकदा-दोनदा मोजणी करावी. संख्या ३० च्या वर गेल्यास तासाभराने पुन्हा मोजावी. ती तशीच राहिल्यास त्याच दिवशी पशुवैद्यकाशी संपर्क साधावा. नेहमी १६ श्वास घेणारे कुत्रे २८ वर गेले असेल, तर संख्या ३० च्या आत असूनही तो बदल अर्थपूर्ण आहे. फुफ्फुसात पाणी होऊ लागल्याची सूचना या मोजणीतून बरेचदा धाप दिसण्यापूर्वीच मिळते.

डास आणि हृदयकृमी

डासांमार्फत पसरणारा आणि थेट हृदय व फुफ्फुसांवर आघात करणारा कुत्र्यांचा परजीवी म्हणजे हृदयकृमी होय. त्याचे शास्त्रीय नाव डायरोफायलेरिया इमिटिस असे आहे. पूर्ण वाढलेली मादी २५ ते ३० सें.मी. लांब, शेवयांसारखी असते. हे कृमी मुख्यतः फुफ्फुसांकडे जाणाऱ्या धमन्यांत राहतात. संख्या वाढली की ते उजव्या हृदयातही उतरतात. धमन्यांच्या भिंती सुजतात, रक्तदाब वाढतो आणि खोकला, अशक्तपणा, भोवळ, पोटात पाणी अशी लक्षणे क्रमाने दिसतात. कृमी पाच ते सात वर्षे जगत असल्याने तरुणपणी झालेल्या संसर्गाची लक्षणे उतारवयातही दिसू शकतात.

या कृमीचे जीवनचक्र डासाविना पूर्ण होत नाही. मादी कृमी रक्तात मायक्रोफायलेरिया नावाची सूक्ष्म पिल्ले सोडते. डासाने रक्त शोषले की ती त्याच्या शरीरात जातात, तेथे त्यांच्या अवस्था बदलतात आणि तिसऱ्या अवस्थेतील अळी पुढच्या दंशाच्या वेळी नव्या कुत्र्याच्या त्वचेत शिरते. सुमारे २७ अंश सेल्सिअस तापमानात डासाच्या शरीरातील ही वाढ १० ते १४ दिवसांत पूर्ण होते. १४ अंशांखाली ती थांबते. कुत्र्याच्या शरीरात शिरल्यापासून रक्तात नवी पिल्ले दिसेपर्यंत मात्र सहा ते सात महिने किंवा अधिक काळ लागतो. बंगळूरमध्ये जानेवारीतील सरासरी किमान तापमानही १५-१६ अंशांच्या आसपास असते. याचा अर्थ असा, की के. आर. पुरमसारख्या ठिकाणी तापमानाच्या दृष्टीने डासांतील अळीच्या वाढीला वर्षभर पूर्ण खंड पडत नाही.

येथे एक महत्त्वाचा भेद जाणून घेतला पाहिजे. भारतात हृदयकृमीच्या नोंदी प्रामुख्याने आसाम, मिझोराम आदी ईशान्येकडील राज्यांतून आहेत. इतरत्र त्या तुलनेने कमी आहेत. दक्षिण व पश्चिम भारतात कुत्र्यांच्या रक्तात मायक्रोफायलेरिया आढळल्यास ते अनेकदा डायरोफायलेरिया रेपेन्स या भाऊबंद जातीचे असतात. या जातीचे प्रौढ कृमी हृदयात नव्हे, तर त्वचेखाली राहतात. त्यामुळे खाज, गाठी असे त्रास होऊ शकतात, परंतु हृदय निकामी होत नाही. पिसू व उवा यांच्यामार्फत पसरणारी अकॅन्थोकायलोनेमा रेकॉन्डिटम ही तिसरी जात तर बहुतेक वेळा निरुपद्रवीच असते.

या भेदाचे व्यावहारिक महत्त्व एका उदाहरणाने स्पष्ट होईल. असे समजू या, की के. आर. पुरममधील तलावालगतच्या घरात ११ वर्षांचा स्पिट्झ आहे. तो रात्री खोकतो. रक्ताच्या थेंबात सूक्ष्मदर्शकाखाली वळवळणारे मायक्रोफायलेरिया दिसतात. ‘हृदयात कृमी झाले’ असा निष्कर्ष लगेच काढला जातो व कृमिनाशक दिले जाते. प्रत्यक्षात ते कृमी त्वचेखालील जातीचे असू शकतात आणि खोकला मायट्रल झडपेचा असू शकतो. कृमी मेले तरी खोकला थांबत नाही. दरम्यान, हृदयाच्या औषधाचे मोलाचे महिने निघून जातात.

म्हणून रक्तात मायक्रोफायलेरिया दिसल्यास हृदयकृमीची प्रतिजन चाचणी करून घ्यावी. ही चाचणी प्रौढ मादी हृदयकृमीच्या शरीरातून येणारे द्रव्य ओळखते. मायक्रोफायलेरियांची लांबी व आकार मोजून, तसेच पीसीआर तंत्राने जात निश्चित करता येते. त्याखेरीज छातीचा क्ष-किरण व हृदयाची सोनोग्राफी आवश्यक असते. बंगळूरमध्ये हेब्बाळ येथे पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, तर मुंबईत परळ येथे १८८६ मध्ये स्थापन झालेले मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. अशा महाविद्यालयांच्या चिकित्सालयांत गुंतागुंतीच्या रुग्णांबाबत सल्ला घेणे हितावह ठरते. कुत्रे पूर्वी ईशान्य भारतात राहिले असेल, तर ही माहिती पशुवैद्यकास आवर्जून द्यावी. नोकरीनिमित्त देशभरातून कुटुंबे येत असलेल्या बंगळूर-पुण्यासारख्या शहरांत हा प्रश्न विचारण्याजोगा आहे.

रेपेन्स जातीचा संसर्ग डासांमार्फत माणसालाही होतो. डोळ्याच्या आवरणाखाली किंवा त्वचेखाली कृमी सापडलेले रुग्ण केरळ, कर्नाटक व महाराष्ट्रासह अनेक राज्यांत नोंदले गेले आहेत. हा संसर्ग कुत्र्याला स्पर्श केल्याने होत नाही, डास चावल्याने होतो. त्यामुळे कुत्र्याला घराबाहेर काढणे हा उपाय नसून डास आटोक्यात आणणे हा उपाय आहे.

डासांचे उगमस्थान ओळखावे

सर्व डास एकाच पाण्यात वाढत नाहीत. उगमस्थान ओळखल्याशिवाय केलेली फवारणी व्यर्थ जाते.

• क्युलेक्स क्विंक्विफॅसिएटस : सांडपाण्याचे नाले, तुंबलेली गटारे, शोषखड्डे. रात्री चावतो. नाला वाहता ठेवावा, शोषखड्डा बंदिस्त करावा व त्याच्या वायुवाहक नळीस जाळी बांधावी.

• एडिस डास : पिंप, हौद, कुंड्यांखालच्या ताटल्या, टाकलेले टायर, नारळाच्या करवंट्या आणि कुत्र्याचे पाण्याचे भांडे. दिवसा चावतो. अंड्यापासून डास होण्यास उष्ण हवेत सुमारे ७ ते १० दिवस लागतात. म्हणून दर आठवड्याला एक दिवस सर्व भांडी रिकामी करून, आतून घासून कोरडी करावीत.

• मॅन्सोनिया डास : याच्या अळ्या जलपर्णी व तत्सम पाणवनस्पतींच्या मुळांतून हवा घेतात. तलावातील किंवा शेततळ्यातील जलपर्णी काढून टाकणे हाच खरा उपाय होय.

• आर्मिजेरस डास : अतिशय घाण, सेंद्रिय पाण्यात वाढतो. गोठ्यातील मूत्राचे खड्डे व उघडी शेणस्लरी झाकून ठेवावी.

शेततळ्यात व कायम पाणी असलेल्या हौदात गप्पी मासे सोडता येतात. बॅसिलस थुरिंजिएन्सिस इस्राएलेन्सिस या जीवाणूपासून बनविलेले अळीनाशक योग्य प्रमाणात वापरल्यास कुत्री, गुरे व मासे यांना अपाय न होता डासांच्या अळ्या मरतात. वयस्क कुत्र्यास संध्याकाळनंतर जाळीच्या खोलीत किंवा पंख्याखाली ठेवावे. वाऱ्याच्या झोतात डासांना नीट उडता येत नाही, त्यामुळे हा साधा उपायही परिणामकारक ठरतो.

गोचीड आणि रक्तक्षयाची धाप

कुत्र्यावरील तपकिरी गोचीड, म्हणजे ऱ्हिपिसेफॅलस सँग्विनियस, ही एर्लिकिया कॅनिस या जीवाणूची वाहक आहे. या संसर्गात रक्तातील चपट्या पेशी घटतात, नाकातून रक्त येते, ताप येतो. आजार जुनाट झाल्यास रक्तक्षय होतो. रक्तात प्राणवायू वाहून नेणाऱ्या पेशीच कमी झाल्या, की हृदय जलद धडधडते व श्वास वाढतो. यामुळे हृदयविकाराचा भास होतो. ज्या कुत्र्यास आधीच झडपेचा विकार आहे, त्याच्यावर हा भार दुहेरी पडतो. त्यामुळे धाप लागलेल्या प्रत्येक कुत्र्याच्या हिरड्यांचा रंग पाहावा, कानांच्या आत व बोटांच्या बेचक्यांत गोचीड शोधावी आणि रक्ततपासणी करून घ्यावी.

ही गोचीड आयुष्याचा बहुतांश काळ कुत्र्याच्या अंगावर नसते. ती भिंतीच्या भेगा, दाराच्या चौकटी, खाटेचे सांधे अशा ठिकाणी असते. रक्त पिऊन फुगलेली एक मादी हजारो अंडी घालते. म्हणून केवळ कुत्र्यावर औषध लावून भागत नाही. कुत्र्याच्या बसण्याच्या जागेतील भेगा सिमेंटने बुजवाव्यात, अंथरूण गरम पाण्यात धुवावे आणि उपचार काही आठवडे सातत्याने चालू ठेवावा.

गोठ्यातील औषध कुत्र्यास देऊ नये

शेतकऱ्याच्या घरी आयव्हरमेक्टिनचे इंजेक्शन सहज उपलब्ध असते. गुरांसाठीच्या १ टक्का द्रावणाच्या १ मि.लि. मध्ये १० मि.ग्रॅ., म्हणजे १०,००० मायक्रोग्रॅम औषध असते. गुरांमध्ये मात्रा किलोमागे २०० मायक्रोग्रॅम असते, म्हणजे १ मि.लि. औषध ५० किलो वजनाच्या जनावरास पुरते. कुत्र्यात हृदयकृमी प्रतिबंधासाठी दरमहा दिली जाणारी मात्रा किलोमागे केवळ ६ मायक्रोग्रॅम आहे. १० किलोच्या कुत्र्यास ६० मायक्रोग्रॅम लागतात. ते त्या द्रावणाच्या ०.००६ मि.लि. मध्ये मिळतात. एवढी सूक्ष्म मात्रा साध्या सिरिंजने मोजताच येत नाही. अंदाजाने १ मि.लि. टोचल्यास त्या कुत्र्यास प्रतिबंधक मात्रेच्या सुमारे १६६ पट औषध जाते.

खरुजेसारख्या रोगांत पशुवैद्यक याहून अधिक मात्रा देतात, परंतु तो निर्णय कुत्र्याची जात, वजन व रक्ततपासणी पाहून घेतला जातो. कॉली व तिच्या वंशातील कुत्र्यांत जनुकीय दोषामुळे हे औषध मेंदूत शिरते. त्यामुळे अडखळणे, अंधत्व, बेशुद्धी व मृत्यू संभवतो. रक्तात मायक्रोफायलेरियांची संख्या मोठी असताना ते एकदम मेले, तर कोणत्याही जातीचे कुत्रे आघातावस्थेत जाऊ शकते. हृदय दुर्बल असलेले वयस्क कुत्रे त्यातून वाचणे कठीण असते.

गोचीडनाशकांबाबतही हीच दक्षता हवी. अमिट्राझच्या विषबाधेत हृदयाचे ठोके मंदावतात, रक्तातील साखर वाढते व ग्लानी येते. त्यामुळे हृदयविकार किंवा मधुमेह असलेल्या कुत्र्यावर ते पशुवैद्यकाच्या सल्ल्याविना वापरू नये. कुत्र्यांसाठीचे परमेथ्रिनयुक्त थेंब मांजरांना घातक असतात. घरात मांजर असल्यास ही बाब ध्यानात ठेवावी.

पिकावर फवारली जाणारी सेंद्रिय फॉस्फरसयुक्त व कार्बामेट कीटकनाशके हे धापेचे आणखी एक कारण आहे. फवारणीच्या शेतात फिरलेले, पंपाचे सांडलेले पाणी चाटलेले किंवा विषारी आमिष खाल्लेले कुत्रे अचानक लाळ गाळू लागते. डोळ्यांच्या बाहुल्या बारीक होतात, स्नायू थरथरतात, उलटी-हगवण होते आणि श्वासनलिकेत स्राव साचून श्वास घुसमटतो. ही लक्षणे काही मिनिटांत ते काही तासांत दिसतात. हृदयविकारात लाळ, थरथर व बारीक बाहुल्या यांचा असा एकत्रित समूह नसतो. अशा वेळी कीटकनाशकाचे वेष्टन सोबत घेऊन तत्काळ पशुवैद्यकाकडे जावे. अट्रोपिनचा उपचार वेळेत मिळाल्यास प्राण वाचू शकतात.

डासांसाठी जाळली जाणारी वेटोळ्याची अगरबत्तीही निर्धोक नाही. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, एक वेटोळे जळताना बाहेर पडणारे अतिसूक्ष्म धूलिकण ७५ ते १३७ सिगारेटींच्या कणांइतके असल्याचे आढळले. जुनाट श्वसनीदाह असलेले कुत्रे जमिनीलगत, त्या वेटोळ्याच्या शेजारीच झोपते. त्याच्या खोलीत वेटोळे न लावता जाळी व पंखा वापरावा.

निगा व आहार

हृदयविकाराचे निदान झाल्यावर औषधे बहुधा आयुष्यभर चालतात. लघवी वाढविणारे औषध चालू असताना कुत्र्यास पाणी कमी देऊ नये. पाण्याचे भांडे नेहमी भरलेले असावे. लक्षणे कमी झाली म्हणून औषध परस्पर बंद करू नये. माणसांची खोकल्याची औषधे, पॅरासिटामॉल किंवा आयब्युप्रोफेन देऊ नयेत. स्टेरॉइडमुळे श्वसनीदाहाचा खोकला कमी होतो, परंतु हृदय निकामी होत असलेल्या कुत्र्यात त्याने प्रकृती बिघडू शकते. म्हणून हे औषध निदानानंतरच वापरले जावे.

आहारात पापड, लोणचे, फरसाण, खारी बिस्किटे व मीठ घातलेला सांबार-भात टाळावा. भाकरी, नाचणी किंवा भात मीठ न घालता शिजवून त्यात उकडलेले अंडे किंवा कोंबडीचे मांस मिसळता येते. कांदा व लसूण यांनी कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशी फुटतात, त्यामुळे ते पूर्णपणे वर्ज्य करावेत. वजन वाढू देऊ नये. गळ्याच्या पट्ट्याऐवजी छातीचा पट्टा वापरावा. फिरणे थंड वेळी, कुत्र्याच्या इच्छेने व थोडे थोडे असावे.

विस्तार कार्यकर्त्यांसाठी नोंदीचे मुद्दे

कुत्रे पाहताना पुढील बाबी लिहून पशुवैद्यकास द्याव्यात : वय, जात व वजन. खोकला केव्हापासून, कोणत्या वेळी व कसा येतो. झोपेतील श्वासांची संख्या. हिरड्यांचा रंग. पोट फुगले आहे काय. भोवळ आली होती काय. गोचीड आढळली काय. कुत्रे यापूर्वी कोणत्या राज्यांत राहिले आहे. मागील महिन्यात कोणते औषध किंवा फवारणी वापरली. चालतानाचा व खोकतानाचा भ्रमणध्वनीवरील छोटा व्हिडिओही निदानास साहाय्यभूत ठरतो.

पुढील लक्षणे दिसल्यास सकाळची वाट पाहू नये : जीभ किंवा हिरड्या निळसर होणे, मान ताणून व कोपरे बाहेर काढून उभे राहणे, आडवे होता न येणे, तोंडातून गुलाबी फेस येणे, बेशुद्धी. अशा कुत्र्यास बळेच झोपवू नये, मुस्के बांधू नये, तोंडात पाणी किंवा औषध ओतू नये. त्याला ज्या स्थितीत सुसह्य वाटते त्या स्थितीतच हवेशीर वाहनातून न्यावे.

सारांश

वयस्क कुत्र्याचा खोकला हे वयाचे नव्हे, तर कारण शोधण्याचे लक्षण आहे. वर्षातून एकदा हृदयतपासणी, आठवड्यातून एकदा झोपेतील श्वासांची मोजणी, दर आठवड्याला कोरडा दिवस आणि गोचीडमुक्त अंथरूण या चार बाबी खर्चिक नाहीत. रक्तात कृमी दिसले म्हणजे ते हृदयातीलच असतात असे नाही, आणि घरात औषध आहे म्हणून ते टोचावे असेही नाही. या दोन गोष्टी ध्यानात ठेवल्यास, वर्षानुवर्षे गोठ्याची व मळ्याची राखण केलेल्या सोबत्याचा उतारकाळ पुष्कळ सुसह्य करता येईल.